लेडव्हिलचे १२ तास : नव्या सायकलीआधी हा हिशेब मांडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४२, दिवसभर खुर्चीवरची नोकरी, राहणं समुद्रसपाटीजवळ, आठवड्याला सात-आठ तास सायकल. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात होणाऱ्या 'लेडव्हिल ट्रेल १००' या माउंटन बाइक शर्यतीसाठी लॉटरीत नंबर लागला आहे आणि हातात पाच महिने आहेत. विचारलेल्या गोष्टी तीन. १२ तासांच्या आत यायचं तर आठवड्याला किती तास चालवावी? उंचीची सवय व्हावी म्हणून घरी विरळ हवेचा तंबू आणावा का? आणि हलकी कार्बनची नवी सायकल घेतली तर किती वेळ वाचेल?

मी ही शर्यत दोनदा केली आहे. पहिल्या वेळी १२ तास १७ मिनिटं लागली आणि १२ तासांच्या आत येणाऱ्यांना मिळणारं पट्ट्याचं बकल हुकलं. घरी आल्यावर सायकल कॉम्प्युटरवरची नोंद उघडून बसले. एकूण वेळ आणि चाक फिरत असतानाचा वेळ यांत ५२ मिनिटांचा फरक होता. म्हणजे १७ मिनिटांनी शर्यत हुकली आणि ५२ मिनिटं मी नुसती उभी होते. कुठे बाटली भरत, कुठे हातमोजे शोधत, कुठे सायकलला टेकून धाप ओसरायची वाट बघत. तेव्हापासून मी स्वतःसाठी आणि ज्यांना तयार करते त्या हौशी लोकांसाठी आधी मिनिटांचा हिशेब मांडते, बाकी सगळं त्यानंतर. तुमच्या प्रश्नांची उत्तरंही त्याच हिशेबाने देते.

ज्यांना ही शर्यत माहीत नाही त्यांच्यासाठी चार ओळी. लेडव्हिल हे जुनं खाणगाव, साधारण ३१०० मीटर उंचीवर. जवळची क्लायमॅक्स ही मोलिब्डेनम या धातूची खाण १९८२ मध्ये बंद पडली आणि गावाचं कामच गेलं. गावात माणसं यावीत म्हणून तिथल्याच एका खाणकामगाराने १९८३ मध्ये १०० मैल धावण्याची शर्यत सुरू केली. सायकलची शर्यत १९९४ पासून. ऑगस्टमध्ये, सकाळी साडेसहाला सुरुवात. मार्ग जाऊन परत येण्याचा, सुमारे १६८ किलोमीटर, एकूण चढ साडेतीन हजार मीटरच्या आसपास, आणि मधला वळायचा टप्पा कोलंबाइन खाणीजवळ जवळजवळ ३८०० मीटरवर. १२ तासांच्या आत आलं की पट्ट्याचं बकल मिळतं, ९ तासांच्या आत आलं की मोठं बकल.

आता भागाकार करा. १६८ भागिले १२, म्हणजे ताशी १४ किलोमीटर, थांबे धरून. कागदावर हा वेग इतका सोपा वाटतो की माणूस निर्धास्त होतो. पण कोलंबाइनच्या चढावर तुमचा वेग ताशी सहा-सात असेल, वरच्या टोकाला ढकलत चाललात तर चार. ही तूट भरून काढायला पुढे फारशा जागाच नाहीत.

नव्या सायकलीचं आधी सांगते, कारण पैसा तिथेच सगळ्यात जास्त जायचा आहे. समजा नवी सायकल दोन किलोने हलकी आहे. तुम्ही, सायकल, पाणी, कपडे मिळून ८५ किलो धरले तर ही बचत सव्वादोन-अडीच टक्क्यांची. ती कामाला येते मुख्यतः चढावर. चढांवर तुमचे साडेसहा तास जातील असं धरलं तर वाचतात नऊ-दहा मिनिटं. खोटं नाही, मिनिटं खरंच वाचतात. पण मी उभ्या घालवलेल्या ५२ मिनिटांसमोर ठेवून बघा. आहे ती सायकल चांगली असेल तर तीच न्या. तिला पुढे ३० दात्यांची चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चाक) आणि मागे ५१ किंवा ५२ दात्यांपर्यंतची कॅसेट (मागच्या दातेरी चाकांचा संच) बसवा, नवे टायर घाला, ब्रेक पॅड नवे बसवून घरीच दोन-तीन उतारांवर बसते करून घ्या. तुम्हाला लागेलसा वाटतो त्याच्याहून एक गिअर हलका हवाच. समुद्रसपाटीवर जो चढ तुम्ही ३२ च्या चेनरिंगने आरामात चढता, तोच तिथे छाती फोडतो.

का, ते आकड्यांत बघा. लेडव्हिल गावात हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ७० टक्क्यांच्या आसपास असतो, कोलंबाइनवर ६३-६४ टक्के. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण तेच, पण दाब कमी म्हणून प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजन कमी. सवय नसलेल्या माणसाची दीर्घकाळ टिकवायची ताकद तिथे १५ ते २० टक्क्यांनी उतरते. घरी तुम्ही तासभर २०० वॉट धरू शकत असाल तर तिथे १६५ च्या आसपास समजा. हे मनाला पटवून घेणं फार कठीण जातं. पाय ताजे असतात, सकाळची थंडी असते, आणि आपण घरच्या आकड्यांवर निघतो.

माझं नेमकं तेच झालं. सुरुवातीला गावातून डांबरी उतार आहे, मग कच्चा रस्ता आणि सेंट केव्हिन्सचा पहिला चढ. शेकडो सायकली, पुढच्याचं मागचं चाक आपल्या पुढच्या चाकापासून हातभर अंतरावर, धूळ, आणि मधेच कुणीतरी पाय टेकला की मागची सगळी रांग थांबते. लॉटरीतून आलेल्यांना बहुधा मागच्या गटात उभं करतात, त्यामुळे ही गर्दी तुमच्या वाट्याला येणारच. मी ती चुकवायला कडेच्या भुसभुशीत मातीतून जोर लावत वीस-पंचवीस जणांना मागे टाकलं. त्यातून फार तर तीन मिनिटं कमावली असतील. चार तासांनंतर कोलंबाइनवर तेच वीस-पंचवीस जण माझ्या शेजारून शांतपणे पुढे गेले, आणि मी हँडलवर डोकं टेकून उभी. तुम्ही पहिला दीड तास असा चालवा की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल. नाडीवर विसंबू नका. उंचीवर सुरुवातीच्या दिवसांत ती तसंही चढीच असते. वाक्य तुटायला लागलं की गिअर हलका करा. गर्दीने वेग कमी झाला तर होऊ द्या.

आता तंबू. ताकद वाढवणाऱ्या लाल पेशी उंचीमुळे खरोखर वाढायच्या तर दिवसाचे बाराएक तास, सलग तीन-चार आठवडे विरळ हवेत राहावं लागतं. नोकरी करणारा माणूस रात्रीचे सात तास तंबूत काढू शकतो, आणि त्या सात तासांत त्याची झोप मोडते. झोप मोडली की दुसऱ्या दिवशीचा सराव बुडतो. ज्यांना मी हा प्रयोग करताना पाहिलं ते तिसऱ्या आठवड्यात थकून तंबू गुंडाळून बसले. तेच पैसे आणि रजेचे दिवस तिथे लवकर पोहोचायला वापरा.

किती लवकर? दोन आठवडे मिळाले तर उत्तम. दहा दिवसही चालतील. शरीर पहिल्या आठवड्यात श्वास खोल करतं, रक्तातली आम्लता सांभाळून घेतं, झोप सुधारते. लाल पेशींना वेळ लागतो, पण तेवढं न होताही माणूस सावरलेला असतो. टाळायचं आहे ते शर्यतीआधी दोन-तीन दिवसांवर पोहोचणं. उंचीचा त्रास, म्हणजे डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं, पोहोचल्यावर सहा ते बारा तासांत सुरू होतो आणि पहिले दोन-तीन दिवस जोरात असतो. त्यात लांबच्या विमानप्रवासाने झोपेचं घड्याळ उलटं झालेलं. रजा अगदीच कमी असेल तर पहिल्या काही रात्री डेन्व्हरला, १६०० मीटरवर काढा आणि मग वर जा. पोहोचल्यावर पहिले तीन दिवस फक्त हलकी सायकल, भरपूर पाणी. तिथली हवा इतकी कोरडी आहे की घाम अंगावर दिसतच नाही, थेट उडून जातो, आणि आपल्याला वाटतं घाम आलाच नाही.

डोकेदुखीबरोबर उलट्या, चालताना झोक जाणं किंवा बसल्या जागी धाप, यातलं काही झालं तर शर्यत विसरा आणि लगेच खाली उतरा. यात हुशारी करू नका.

औषधाबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते, कारण उंचीवर जाणारे बरेच जण ॲसिटाझोलामाइड घेतात, डायमॉक्स या नावाने ते ओळखलं जातं. ट्रेकसाठी डॉक्टर ते देतातही. पण ते लघवीचं प्रमाण वाढवणारं औषध आहे आणि जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे वाडाच्या, बंदी यादीत आहे. स्पर्धेत भाग घ्यायचा म्हणजे हौशी असलात तरी हे डोक्यात ठेवा, आणि डॉक्टरांना आपण शर्यतीला जातोय हे स्पष्ट सांगा. त्याच भेटीत हृदयाची तपासणी आणि फेरिटिनची रक्तचाचणी करून घ्या. शरीरात लोहाचा साठा कमी असेल तर उंचीचा फायदा घ्यायला कच्चा मालच नसतो. पाच महिने आधी कळलं तर भरून काढता येतं. चाचणी न करता लोहाच्या गोळ्या मात्र सुरू करू नका.

सरावाचे तास. आठ तासांत काम होईल, शेवटच्या दोन महिन्यांतले काही आठवडे दहा-अकरा करावे लागतील. त्याहून जास्त मी नोकरदार माणसाला सांगत नाही. अंगावर थकवा साठतो आणि घरचे वैतागतात. आठवड्यात एकदा लांब चढासारखं काम, पंधरा-पंधरा मिनिटांचे तीन टप्पे, जेमतेम दोन-तीन शब्द बोलता येतील इतक्या जोराने. एकदा-दोनदा तासभर अगदी सावकाश. सुट्टीच्या पहिल्या दिवशी लांब पल्ला, दुसऱ्या दिवशी थकल्या पायांनी दोन-अडीच तास. लांब पल्ला तीन तासांपासून सुरू करून अर्ध्या-अर्ध्या तासाने वाढवा, दर चौथ्या आठवड्याला कमी करा. सगळ्यात मोठा, सात-आठ तासांचा, शर्यतीच्या साधारण चार आठवडे आधी. शेवटचे दोन आठवडे तास निम्म्यावर आणा. जवळ डोंगर नसेल तर एकच टेकाड वीस वेळा चढा, किंवा घरात ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागेवरच चालवायच्या स्टँडवर, पुढचं चाक उंच करून पेडलच्या मिनिटाला साठ-पासष्ट फेऱ्यांनी जड गिअर लावा. पाठीला त्या बसण्याची सवय व्हायला हवी. सहा तासांनंतर बहुतेकांची आधी कंबर बोलते, मांड्या नंतर.

एक गोष्ट सगळे सोडून देतात, ती म्हणजे सायकल ढकलत चढणं. परतीच्या वाटेवर, १२५-१३० किलोमीटर झाल्यावर, पॉवरलाइनचा चढ येतो. विजेच्या तारांखालून गेलेली उभी, पावसाने चिरलेली वाट. पहिला तुकडा इतका खडा आहे की आपल्यासारखे जवळजवळ सगळे उतरून ढकलतात. पहिल्या वर्षी माझ्या बुटांचा तळ पूर्ण कार्बनचा होता. तो वाकत नाही, दगडावर घसरतो, आणि दर पावलाला टाच बुटातून वर निघते. वर पोहोचेपर्यंत दोन्ही टाचांची सालं निघाली होती, आणि पोटऱ्यांत असे गोळे आले की परत बसल्यावर पहिले पेडल मारताना मी ओरडले. दुसऱ्या वर्षी रबरी तळाचे, थोडे वाकणारे बूट घेतले आणि तीन महिने दर आठवड्याला पंधरा-वीस मिनिटं सायकल ढकलत चढाचा सराव केला. एक हात हँडलवर, दुसरा सीटवर, छोटी पावलं, न थांबता. पॉवरलाइनवर मला त्या वर्षी जेवढा वेळ वाचला तेवढा कुठल्याच महागड्या वस्तूने वाचला नसता.

आता खाणं. स्नायूंत आणि यकृतात मिळून साखरेचा साठा साधारण दोन हजार कॅलरींचा. शर्यतीत खर्च होतील सहा हजार किंवा जास्त. चरबीतून बरंच भागतं, पण चढावर चरबी पुरत नाही. ताशी ६० ते ८० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत, म्हणजे दिवसभरात पाऊण किलो ते जवळजवळ एक किलो. एकटं ग्लुकोज आतडं ताशी ६० ग्रॅमच्या पुढे फारसं शोषत नाही. फ्रुक्टोज वेगळ्या वाटेने आत जातं, म्हणून दोन्ही असलेलं पेय किंवा जेल (पुडीतला घट्ट, गोड पाक) घ्या. पण उद्याच ८० ग्रॅम सुरू केलंत तर पोट बिघडेल. ४० पासून सुरू करा, दोन-तीन आठवड्यांनी दहा-दहा वाढवा. पोटालाही सराव लागतो, आणि तो दर लांब पल्ल्यात करायचा. दर वीस मिनिटांनी घड्याळात गजर लावा, भूक लागायची वाट बघू नका. उंचीवर भूक लागतच नाही.

आणि कोलंबाइनवर चावायचा पदार्थ नेऊ नका. मी तिथे सुक्या मेव्याची वडी तोंडात घातली होती. तोंडाने धापा टाकताना चावता येत नाही, गिळायचं तर श्वास धरावा लागतो, आणि तो अर्ध्या सेकंदाचा श्वासही तिथे परवडत नाही. वडी गालात तशीच राहिली, शेवटी थुंकली. तो चढ बारा-तेरा किलोमीटरचा आहे, तुम्हाला दोन तास लागतील. ते दोन तास फक्त द्रव. घन पदार्थ ट्विन लेक्सच्या थांब्यावर, चढ सुरू व्हायच्या आधी खाऊन घ्या. वरच्या भागात एक काळजी घ्या, वाट एकच आहे आणि पुढचे लोक जोरात उतरून येत असतात. उजवीकडची कड सोडू नका.

थांब्यांचं गणित घरीच बसवा. प्रत्येक थांब्यावर काय घ्यायचं, काय टाकायचं ते कागदावर लिहून, चिकटपट्टी लावून हँडलच्या नळीवर चिकटवा. पूर्ण थांबे चार, प्रत्येकी चार मिनिटं. बाटल्या आधीच भरलेल्या हव्यात, पिशवीवर थांब्याचं नाव मोठ्या अक्षरात. लांब पल्ल्याच्या सरावात याची तालीम करा, कुणाला तरी हातात घड्याळ देऊन. हे वाचताना पोरखेळ वाटेल. माझी ५२ ची २१ मिनिटं झाली ती यानेच.

पावसाचं जाकीट खिशात ठेवाच. सकाळी बोटं बधिर करणारी थंडी असते आणि ऑगस्टमध्ये दुपारी तिथे वादळी पाऊस, गारा, विजा हे नेहमीचं आहे. झाडांच्या वर उघड्या माथ्यावर वीज कडाडत असताना तुम्हाला तिथे असायचं नाही. वेळेवर वर पोहोचण्याचं हेही एक कारण. मी सुटल्यापासून पावणेसहा तासांत माथ्यावरून वळायचं ठरवून ठेवते. वाटेतल्या कट-ऑफच्या, म्हणजे ज्यांच्या आत तो टप्पा गाठला नाही तर बाहेर काढतात त्या, वेळा त्या वर्षीच्या स्पर्धक-पुस्तिकेतून बघून घ्या.

सायकल पेटीत भरताना ब्रेकच्या दोन पॅडमध्ये प्लॅस्टिकचा तुकडा किंवा जाड पुठ्ठा घालायला विसरू नका. चाक काढलेलं असताना प्रवासात ब्रेक दाबला गेला की पिस्टन बाहेर येतात आणि पॅड एकमेकांना चिकटून बसतात. रोटर, म्हणजे ब्रेकच्या चकत्या, काढून कपड्यांत गुंडाळा. मागे साखळी सरकवून गिअर बदलणारा डिरेलर सोडवून आत बांधा, तो ज्यावर बसतो तो हँगर सुटा एक बरोबर ठेवा. तुमच्या फ्रेमचा हँगर परक्या गावात मिळेलच असं नाही. डावं पेडल उलटं फिरतं हे घाईत विसरायला होतं. सीटची उंची परत तीच लावता यावी म्हणून सीटखालच्या दांड्यावर चिकटपट्टीची खूण करा. इलेक्ट्रॉनिक गिअरच्या सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानात. टायर झटकन भरायची गॅसची काडतुसं विमान कंपनीच्या परवानगीशिवाय नेता येत नाहीत, ती तिथेच विकत घ्या. विरळ हवेत छोट्या पंपाने हवा मारताना हात भरून येतात, काडतुसं तिथे जास्त उपयोगी.

टायरचा दाब तिथे पोहोचल्यावर पुन्हा मोजा. घरी २२ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) भरून तसाच नेलेला टायर लेडव्हिलला साडेसव्वीसच्या आसपास दाखवेल, कारण बाहेरच्या हवेचा दाब तेवढा कमी झालेला असतो. सुट्या खडीच्या उतारावर ते साडेचार पीएसआय चाकाला उडवतात. आणि तिथे सायकल भाड्याने घ्यायचं मनात असेल तर आधी ब्रेक बघा. अमेरिकेत पुढचा ब्रेक डाव्या हाताला असतो. तुमच्या सायकलीवर तो उजवीकडे असेल तर घाबरल्या क्षणी हात जुन्याच सवयीने दाबणार. भाड्याच्या दुकानात अदलाबदल करून मागा, करून देतात.

व्हिसा लागत असेल तर आज अर्ज करा, मुलाखतीची तारीख मिळायला कधी कधी महिनोन्महिने लागतात. प्रवास विमा घेताना स्पर्धेतली दुखापत धरली आहे का ते वाचून बघा. बऱ्याच साध्या पॉलिसींत ती वगळलेली असते.

शेवटच्या टप्प्यासाठी एक जेल वेगळं ठेवा, डाव्या खिशात, वरचं टोक आदल्या रात्री कात्रीने थोडं कापून. पॉवरलाइन संपलं, सेंट केव्हिन्सकडून उतरलात, की वाटतं गाव आलं. गाव अजून यायचं असतं. 'बुलेव्हार्ड' म्हणतात तो दगडगोट्यांचा कच्चा रस्ता सुरू होतो, दिसायला सपाट आणि चालवायला चढ. पहिल्या वर्षी तिथे पोहोचले तेव्हा माझा खिसा रिकामा होता. दुसऱ्या वर्षी घड्याळात ११ तास २० मिनिटं दिसली, मी ते जेल घेतलं, आणि शर्यत जिथे संपते त्या सिक्स्थ स्ट्रीटच्या डांबरावर चाक लागलं तेव्हा १२ ला अजून वेळ होता.